नेतृत्वाला गळती नेमकी कुठे लागते?

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नेत्यात कोणते गुण हवेत यावर खूप लिहिलं जातं. दोषांचा विषय निघाला की मात्र गाडी 'अहंकार नको, संवाद हवा' एवढ्यावरच थांबते, आणि त्यातून कुणाच्याच हाती काही लागत नाही. म्हणून हा धागा काढतोय. एक विनंती आहे. दोष सांगाल तेव्हा तो ओळखायचा कसा आणि उद्या सकाळी त्यावर नेमकं काय करायचं, हेही लिहा.

सुरुवात मी करतो. माझ्या मते सगळ्यात घातक दोष म्हणजे वाईट बातमी वरपर्यंत पोचायची बंद होणं. हे एका दिवसात होत नाही. कुणीतरी येऊन सांगतं, "हे काम ठरलेल्या तारखेला होणार नाही." नेता विचारतो, "आधी का नाही सांगितलं?" प्रश्न रास्तच वाटतो. पण समोरचा माणूस आधीच सांगायला आलेला असतो! पुढच्या वेळी तो दोन दिवस थांबतो, त्याच्या पुढच्या वेळी आठवडाभर. शिवाय प्रत्येक पायरीवर बातमी मऊ होत जाते. कामावरचा माणूस म्हणतो, "सांधा तडकलाय." त्याचा प्रमुख वर कळवतो, "सांध्याकडे लक्ष द्यावं लागेल." त्याच्याही वरचा लिहितो, "सांध्याचं काम सुरू आहे." यात खोटं कुणीच बोललेलं नसतं.

ओळखायची खूण: गेल्या चार आठवड्यांत किती वाईट बातम्या, त्या उघड दिसायच्या आधी, संबंधित माणसाने आपणहून तुमच्या कानावर घातल्या? एकही नसेल तर सगळं आलबेल आहे असं समजू नका. दुसरी खूण अहवालात सापडते. कामाच्या स्थितीचे रंग (हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे अडचण) महिनोन्‌महिने सगळे हिरवे आणि शेवटच्या पंधरवड्यात एकदम लाल. याला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं आणि आतून लाल.

उपाय पहिल्या वाक्यात आहे. "सांगितलंत ते बरं केलंत." मग तीनच प्रश्न: फटका कुणाला बसेल, निर्णय कधीपर्यंत घ्यावा लागेल, आणि माझ्याकडून काय हवंय. 'असं का झालं' हा प्रश्न दोन दिवसांनी, डोकी थंड झाल्यावर विचारावा.

---

काजवा

+१. होयबा मंडळी आकाशातून पडत नाहीत, साहेबाच्या भुवया बघून तयार होतात.

---

कंपास

उंबरठा, तुमच्या मुद्द्याला विमानचालनाच्या इतिहासात भक्कम आधार आहे, कारण तिथे वैमानिकांच्या कक्षातलं संभाषण ध्वनिमुद्रित होतं.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली. धुकं होतं, रेडिओवरचे संदेश एकमेकांवर आदळत होते, अशी बरीच कारणं होती. पण केएलएम या डच कंपनीच्या विमानाने धाव सुरू केल्यावर त्यातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरून हटलेलं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, हटलंय. तो कंपनीतला नावाजलेला प्रशिक्षक होता. शंका विचारली गेली, पण तिच्यापायी विमान थांबलं नाही.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला, युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीची फ्लाइट १७३ पोर्टलंडजवळ पडली. चाकांच्या बिघाडात कॅप्टन इतका गुंतला की साधारण तासभर घिरट्या घालताना इंधन संपलं. दहा जण दगावले. इंधन घटत असल्याचं सहकाऱ्यांनी बोलून दाखवलं होतं, पण आडवळणाने.

यातून विमानकर्मचाऱ्यांसाठी संघकार्याचं वेगळं प्रशिक्षण सुरू झालं. युनायटेडने ते १९८१ पासून राबवलं. त्यात कनिष्ठाने आक्षेप कसा मांडावा याच्या पाच पायऱ्या शिकवतात:

१. नावाने किंवा हुद्द्याने हाक मारायची.
२. "मला काळजी वाटतेय" हे स्पष्ट म्हणायचं.
३. अडचण आकड्यात सांगायची: "इंधन पंधरा मिनिटांचं उरलंय."
४. उपाय सुचवायचा: "आत्ताच उतरू या."
५. होकार मागायचा: "चालेल ना?"

लोक बहुतेक वेळा तिसरी पायरी अर्धवट करतात आणि पाचवी गाळतात. "इंधन जरा कमी दिसतंय" असं म्हणून गप्प बसतात. नेत्याने या पाच पायऱ्या टीमला स्वतः शिकवाव्यात, आणि माझ्यावरच वापरा असं सांगावं.

---

सरळरेघ

धागाकर्त्याचा मुद्दा मोलाचा आहे, पण तो पहिल्या क्रमांकाचा दोष आहे हे मला मान्य नाही. बातमी वर पोचली आणि वरच्याने निर्णयच घेतला नाही, तर पोचून उपयोग काय? माझ्या लेखी पहिला दोष म्हणजे निर्णय लटकवून ठेवणं. भिजत घोंगडं.

याची खूण अगदी सोपी आहे. बैठक संपल्यावर चार जणांना वेगवेगळं विचारा, "काय ठरलं?" दोनापेक्षा जास्त उत्तरं आली तर काहीच ठरलेलं नाही.

बहुतेक नेते सगळ्या निर्णयांना एकाच तागडीत तोलतात, आणि इथेच घोडं पेंड खातं. फिरवता येणारा निर्णय (कामाची पाळी, अहवालाचा नमुना, बैठकीची वेळ) त्याच दिवशी घ्यावा, चुकला तर पंधरा दिवसांनी बदलावा. न फिरवता येणाऱ्या निर्णयाला (माणूस कमी करणं, मोठा करार, जागा बदलणं) वेळ द्यावा, पण त्याचीही अंतिम तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करावी. प्रत्यक्षात उलटं होतं. पाळीपत्रक महिनाभर घोळत राहतं आणि करार दुपारच्या घाईत सही होऊन जातो.

निर्णयाची नोंद पाच ओळींत होते: काय ठरलं, कुणी ठरवलं, कोणते पर्याय सोडले आणि का, कोण कधीपर्यंत करणार, पुन्हा कधी तपासायचं. तिसरी ओळ लोक टाळतात. पण सहा महिन्यांनी तोच वाद उकरला जातो, तेव्हा तीच कामाला येते.

---

उंबरठा

सरळरेघ, तिसऱ्या ओळीचा मुद्दा एकदम पटला. क्रमांकाबद्दलचा वाद मात्र कायम :)

---

अर्धविराम

मायक्रोमॅनेजमेंटचं कुणी नावच घेतलं नाही अजून? सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच असतात.

---

रातराणी

अर्धविराम, लिहिते. पण त्याची दुसरी बाजूही धरावी लागेल. सतत लुडबुड करणं आणि काम अंगावर टाकून गायब होणं, या दोन्हींचा उगम एकच आहे: काम सोपवताना पुरेसं बोलणं न होणं. सुरुवातीला वीस मिनिटं वाचवली जातात. मग कुणी दर दोन तासांनी डोकावतं, कुणी उंटावरून शेळ्या हाकतं. बऱ्याचदा एकच माणूस आधी शेळ्या हाकतो आणि तारीख जवळ आली की लुडबुड सुरू करतो.

काम सोपवताना इतकं तरी बोलून घ्यावं:

• पूर्ण झालेलं काम दिसेल कसं. "चांगला अहवाल हवा" नको. "चार पानं, तीन पर्याय, प्रत्येकाचा खर्च, शेवटी तुमची शिफारस" असं हवं.
• तारीख, आणि ती तारीखच का. कारण माहीत असलं की माणूस अडचणीच्या वेळी काय आधी उरकायचं ते स्वतः ठरवू शकतो.
• अधिकार. किती रकमेपर्यंत न विचारता खर्च करायचा? दुसऱ्या विभागाशी थेट बोलायचं का? हे न सांगता जबाबदारी देणं म्हणजे हात बांधून पोहायला लावणं.
• मधले थांबे. दोन आठवड्यांचं काम असेल तर पहिला थांबा तिसऱ्या दिवशी ठेवा, दहाव्या नव्हे. दिशा चुकते ती सुरुवातीलाच, आणि तिसऱ्या दिवशी दुरुस्ती स्वस्तात होते.
• कोणती गोष्ट घडली तर थांब्याची वाट न बघता लगेच कळवायचं.

मग समोरच्याला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. "समजलं ना?" हा प्रश्न निरुपयोगी, त्याला सगळे 'हो'च म्हणतात. "मग सुरुवात कुठून करताय?" असं विचारा. गैरसमज असेल तर त्या उत्तरात लगेच दिसतो.

आणि कळीचं म्हणजे थांब्यांच्या मधे गप्प राहणं. थांबा गुरुवारी ठरला असेल तर मंगळवारी "सहज विचारतोय" असा फोन करायचा नाही. एक असा फोन झाला की माणूस कामाऐवजी पुढच्या फोनची तयारी करत बसतो.

कामाची पद्धत तुमच्यापेक्षा वेगळी आहे आणि काम चुकतंय, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हात घालण्याआधी स्वतःला विचारावं, ठरलेला निकाल धोक्यात आहे का? नसेल तर हात खिशात.

---

काजवा

"मग सुरुवात कुठून करताय?" हे लिहून भिंतीवर लावण्यासारखं आहे. वाचनखूण साठवली.

---

तिसरी_घंटा

बैठकीतला एक दोष राहिलाय. नेता सगळ्यात आधी बोलतो.

प्रमुखाने "मला वाटतं दुसरा पर्याय बरा, पण तुमची मतं सांगा" असं म्हटलं की मतं संपली. त्यानंतर येतात ती दुसऱ्या पर्यायाची समर्थनं. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबातलं कॅस्ट्रो सरकार उलथवण्यासाठीची बे ऑफ पिग्जची मोहीम अमेरिकेच्या केनेडी प्रशासनाच्या अंगाशी आली. सल्लागारांपैकी काहींच्या मनात शंका होत्या, पण चर्चेत त्यांना धार आली नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून संकट उभं राहिलं, तेव्हा केनेडींनी पद्धत बदलली. सल्लागारांच्या काही बैठकांना ते मुद्दाम गैरहजर राहिले, म्हणजे लोक आपापसात मोकळेपणी भांडतील.

तुमच्याआमच्या बैठकीत करायची गोष्ट: प्रश्न एका वाक्यात फळ्यावर लिहा. पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही, प्रत्येकाने आपलं मत आणि एक कारण कागदावर लिहायचं. मग वाचन सगळ्यात नव्या माणसापासून सुरू, प्रमुख शेवटी. कागद आधी लिहिलेला असल्यामुळे वारा बघून पाठ फिरवता येत नाही.

याला जोडून निर्णय पक्का व्हायच्या आधीची दहा मिनिटं. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची युक्ती आहे. "एक वर्ष उलटलंय, ही योजना सपशेल बुडाली. का बुडाली ते लिहा." 'काही धोके आहेत का' असं विचारलं तर शंका काढणारा खोडा घालणारा ठरतो. इथे योजना बुडाली हे गृहीतच असतं, त्यामुळे कारण शोधणारा हुशार ठरतो.

---

अर्धविराम

म्हणजे साहेबांनी बैठकीला न येणं हेही नेतृत्वच! आमच्याकडून एकमताने मंजूर :)

अवांतर: बैठकीत माणसं किती असावीत?

---

सरळरेघ

अर्धविराम, निर्णय घ्यायचा असेल तर पाच ते सात. गणित सोपं आहे. प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध धरला तर पाच जणांत १० जोड्या होतात, दहा जणांत ४५, पंधरा जणांत १०५. माणसं तिप्पट, पण समजुती जुळवायच्या जागा दहापटीहून जास्त. रखडलेल्या कामावर ऐनवेळी आणखी माणसं घातली की ते आणखी रखडतं, त्यामागे हेही एक कारण आहे. जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो आणि जोड्या वाढतात. "मनुष्यबळ वाढवून देतो" म्हणणाऱ्या नेत्यांनी हे ध्यानात घ्यावं.

---

पाणवठा

रातराणी यांचा प्रतिसाद फार आवडला. पण ज्या दोषाने चांगली माणसं निघून जातात तो वेगळाच आहे: काम न करणाऱ्याकडे कानाडोळा.

नेत्याला वाटतं आपण समजूतदारपणा दाखवतोय. बाकीच्यांना दिसतं ते असं की त्याचं काम आपल्या माथी येतंय आणि साहेबांना ते चालतंय. सगळ्यात कामसू माणसावर सगळ्यात जास्त ओझं पडतं, कारण त्याच्याकडून काम होतं हे माहीत असतं. तो वैतागून राजीनामा देतो, आणि न करणारा जागेवरच राहतो.

बोलणं टाळलं जातं कारण बोलायचं कसं तेच माहीत नसतं. तीन भाग ठेवा: प्रसंग, कृती, परिणाम. "तुम्ही बेजबाबदार आहात" हे माणसावरचं शिक्कामोर्तब झालं, त्यावर फक्त भांडण होऊ शकतं. "सोमवारी दहाला आकडे द्यायचे ठरलं होतं. ते बुधवारी चारला आले. त्यामुळे दोघांना रात्री थांबून हिशेब पुन्हा मांडावे लागले." यात नाकारण्यासारखं काही नाही. एवढं बोलून थांबायचं. शांतता अवघड जाते आणि नेता ती भरून काढायला "तसं फार काही नाही हो" म्हणून टाकतो. तिथेच सगळं पाण्यात. दहा सेकंद गप्प बसा, समोरचा बोलतो.

त्यानंतर कारण शोधा. जमत नाही, माहीत नाही, साधनं नाहीत, की इच्छा नाही? चारही कारणांची औषधं वेगळी. पहिल्या तिन्हींत बराचसा दोष नेत्याचाच निघतो, आणि तो तिथल्या तिथे कबूल करावा. मग दोन आठवड्यांची लहान, मोजता येईल अशी अपेक्षा ठरवायची आणि त्या तारखेला खरंच बसायचं. ठरवून न बसणं हे न ठरवण्यापेक्षा वाईट.

हे सगळं घटनेनंतर दोन दिवसांच्या आत, एकांतात. सहा महिने साठवून वार्षिक मूल्यमापनात ओतणं हा अन्याय आहे. माणसाला सुधारायची संधीच मिळालेली नसते.

---

दशांश

मोजमापाचा दोष मी मांडतो. जे मोजतो त्यालाच ध्येय बनवलं की मोजमाप बिघडतं. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात हे मांडलं होतं, पण ते सगळीकडे लागू पडतं.

धडधडीत उदाहरण वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेचं. एका ग्राहकाच्या गळ्यात आठ सेवा हे लक्ष्य. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, आणि तोवर साधारण ५,३०० कर्मचाऱ्यांना काढलेलं होतं. आठाचा आकडा वरून आला आणि खापर खालच्यांवर फुटलं.

उपाय: प्रत्येक लक्ष्याला एक उलट जोडीदार द्या. वेग मोजता तर परत आलेलं सदोष काम मोजा. विक्री मोजता तर तीन महिन्यांनी टिकून असलेले ग्राहक मोजा. आणि लक्ष्य जाहीर करण्याआधी टीमलाच विचारा, "प्रामाणिक काम न करता हा आकडा गाठायचा तर कसा गाठाल?" पाच मिनिटांत सगळ्या पळवाटा समोर येतात.

---

काजवा

श्रेय लाटणं राहिलं की! वरिष्ठांपुढे मांडताना 'आम्ही केलं' नको, कुणी केलं त्याचं नाव घ्या, आणि जमेल तिथे त्यालाच मांडू द्या. फार लागत नाही, एक नाव.

---

शुभ्रकमळ

इथे बऱ्याच पद्धती, पायऱ्या, नोंदी आल्या. एक सावधगिरीची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण केवळ कागद आणल्याने दोष जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी आणली. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी असे तीन टप्पे. त्यात एक मुद्दा असा की खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. तोंड एकदा उघडलं की पुढे शंका विचारणं सोपं जातं, म्हणून तो आहे. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं.

मग २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला. तिथे यादी वापरल्याच्या नोंदी जवळपास सर्वत्र होत्या, पण मृत्यूदरात लक्षणीय फरक नव्हता. यावर बराच वाद झाला. मला त्यातला एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो: खुणा करणं आणि थांबून ऐकणं वेगळं. मुख्य सर्जन हातमोजे घालता घालता "हो हो, झालं, चला" म्हणत असेल तर परिचारिकेला कळतं की यादी भरायची आहे, बोलायचं नाहीये.

म्हणून मी उंबरठा यांच्या मूळ मुद्द्याकडे परत येते. व्यवस्थापनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९६ च्या अभ्यासात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत नोंदलेल्या चुका कमी नव्हत्या, उलट जास्त होत्या. तिथे लोक चुका लपवत नव्हते. ज्या प्रमुखाला आपल्याकडे चुकांची नोंद शून्य असल्याचा अभिमान वाटतो, त्याने आधी काळजी करावी.

---

सरळरेघ

शुभ्रकमळ, तुमच्या प्रतिसादामुळे माझं मत थोडं बदललं. निर्णय लटकतात त्यातले निम्मे तरी अर्धवट माहितीमुळे लटकतात, आणि ती अर्धवट असते कारण कुणी पूर्ण सांगत नाही. क्रमांक एक धागाकर्त्यांना दिला.

---

उंबरठा

सरळरेघ, मनापासून धन्यवाद. आता एक अडचणीचा प्रश्न. एखाद्या टीममध्ये बोलणं आधीच बंद पडलंय. आधीच्या प्रमुखाने सांगणाऱ्यांना झोडपलेलं आहे. नवा माणूस तिथे आला आणि म्हणाला "माझं दार उघडं आहे", तर कुणीही येणार नाही. त्याने पहिल्या महिन्यात काय करावं?

---

कंपास

दार उघडं ठेवून बसू नये, स्वतः उठून जावं. प्रत्येकाशी वेगळं अर्धा तास, त्याच्या कामाच्या जागी. दोन प्रश्न पुरतात: "इथे वेळ सगळ्यात जास्त कशात वाया जातो?" आणि "मी कोणती गोष्ट अजिबात बदलू नये?" दुसरा प्रश्न विसरू नका. त्याने लोकांना कळतं की तुम्ही मोडतोड करायला आलेला नाही.

पहिल्या फेरीत खरं फारसं मिळणार नाही. लहानसहान कुरबुरी मिळतील: प्रिंटर चालत नाही, सही मिळायला चार दिवस लागतात, तोच तक्ता दोनदा भरावा लागतो. त्याच पकडा. दोन आठवड्यांत त्यातल्या तीन सोडवा आणि सगळ्यांना सांगा की हे तुमच्याकडून कळलं म्हणून झालं, मात्र कुणी सांगितलं ते नाव न घेता. जे जमणार नाही तेही कारणासकट सांगा. लोक तुम्हाला आधी प्रिंटरवर तपासतात, मग मोठ्या गोष्टी सांगतात.

---

रातराणी

कंपास यांच्या उत्तरात एक भर. पहिल्या महिन्यात स्वतःची एक खरी चूक सगळ्यांसमोर सांगावी, दुरुस्तीसकट. "मंगळवारी मी तारीख चुकीची कळवली, दोघांचं काम उलटंपालटं झालं, आज सकाळी दुरुस्त केली." दोन वाक्यांत, रडगाणं न लावता. आणि पहिला माणूस खरोखर वाईट बातमी घेऊन येईल, त्या दिवशी सगळी टीम त्याच्या चेहऱ्याकडे बघत असेल, तो तुमच्या खोलीतून बाहेर येतो कसा ते.

---

अर्धविराम

आणि अशा टीममध्ये तो पहिला माणूस यायला साधारण किती दिवस लागतात?

---

कंपास

ठरावीक आकडा नाही. तीन कुरबुरी सुटल्यावर दुसरी फेरी घ्या, तेच दोन प्रश्न पुन्हा विचारा. उत्तरं प्रिंटरवरून कामावर सरकली की समजा तो माणूस निघालाय.